काढा, गाणे आणि आकडे

नोव्हेंबर १८५२. ब्राझीलच्या वायव्य कोपऱ्यात वाउपेस नदीकाठी तुकानो लोकांचा सण चालला होता आणि यॉर्कशरचा वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस तिथे पाहुणा होता. तरुण मंडळी एका वेलीचा काढा पीत होती. पिणारा दोन मिनिटांत पांढराफटक पडे, अंग थरथरे, दरदरून घाम सुटे. मग तो हाताला लागेल ते हत्यार घेऊन दाराकडे धावे आणि जमिनीवर, नाहीतर दाराच्या खांबांवर सपासप वार करी. दहाएक मिनिटांत सगळे शांत. स्प्रूसलाही वाटी मिळाली. ती संपते न संपते तोच यजमानाने कसाव्याच्या आंबवलेल्या पेयाने भरलेला भोपळा पुढे केला. पाठोपाठ दोन फूट लांब आणि मनगटाएवढा जाड चिरूट आला, आणि स्प्रूस तर तंबाखूला शिवत नसे. त्यावर माडीच्या जातीचे आणखी एक पेय. नाही म्हणायची सोय नव्हती. शेवटी पोटात ढवळू लागले, बिचारा झोळीत आडवा झाला, कॉफी प्यायला, आणि काढ्याचा गुण काय हे त्याला कळलेच नाही.

प्रयोगशाळेच्या नियमाने हा प्रयोग बाद. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीचे सगळे स्थिर ठेवायचे, हा तिथला पहिला धडा. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत शास्त्रज्ञांनी तोच धडा गिरवला. सणातून काढा वेगळा केला, काढ्यातून वनस्पती, वनस्पतीतून रेणू. त्यातून जे ज्ञान हाती आले ते खरे आहे आणि मोलाचे आहे. पण आयावास्का नावाच्या या काढ्यावरचे अलीकडचे आकडे नीट वाचले तर दिसते की गोंगाट म्हणून बाजूला सारलेल्या गोष्टी, म्हणजे गाणे, गुरू, सोबत, पथ्य, अपेक्षा, याही औषधाच्या हिशेबात धराव्या लागतील. आणि हे सांगणारे आकडे खुद्द चाचण्यांमधलेच आहेत.

स्प्रूसने वेलीचे नमुने गोळा केले, तिला बॅनिस्टेरिया कापी असे नाव दिले आणि माल इंग्लंडला धाडला. शंभराहून अधिक वर्षांनी, १९६०च्या दशकाच्या अखेरीस, हार्वर्डचे रिचर्ड इव्हान्स शुल्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वाळक्या तुकड्यांची रासायनिक तपासणी केली, तेव्हा त्यातले अल्कलॉइड अजून शाबूत होते. मधल्या काळात रसायनशास्त्रज्ञांची मजेशीर धावपळ झाली. कोलंबियात या वेलीतून जो पदार्थ मिळाला त्याला हौसेने ‘टेलिपथिन’ म्हटले गेले, कारण काढा पिणाऱ्याला दूरचे दिसते अशी बोलवा होती. बर्लिनच्या लुई लेविन यांनी त्याचे नाव ‘बॅनिस्टेरिन’ ठेवले. १९२८च्या सुमारास कुर्ट बेरिंगर यांनी ते कंपवाताच्या रुग्णांना देऊन पाहिले. काहींच्या ताठरलेल्या हालचाली थोडा वेळ मोकळ्या झाल्या आणि वर्तमानपत्रांना मथळे मिळाले. मग उलगडा झाला की टेलिपथिन काय आणि बॅनिस्टेरिन काय, दोन्ही म्हणजे हार्मीनच. ते तर हरमलच्या बियांतून १८४०च्या दशकातच वेगळे काढलेले होते. इराणात दृष्ट काढायला ज्याचे बी निखाऱ्यावर टाकतात, तेच हे झुडूप. आपल्याकडे वायव्येच्या कोरड्या माळांवरही ते उगवते.

दुसरा धागा डीएमटीचा. हा रेणू कॅनडातल्या रिचर्ड मान्स्के यांनी १९३१ मध्ये प्रयोगशाळेत बनवला, पण तो माणसाचे काय करतो हे कोणी पाहिले नव्हते. ते पाहिले बुडापेस्टच्या स्टीफन सारा यांनी, १९५६ मध्ये आणि स्वतःवरच. आधी त्यांनी तो तोंडाने घेतला. काहीच झाले नाही. डोस वाढवला, तरी काही नाही. मग स्नायूत इंजेक्शन घेतले आणि काही मिनिटांत डोळ्यांपुढे रंग आणि आकृत्या नाचू लागल्या.

सारा यांना तोंडाने घेऊन जे जमले नाही ते अमेझॉनमध्ये रोज रात्री जमत होते. काढ्यात वेलीसोबत चाक्रुना नावाच्या झुडपाची पाने पडतात. हे झुडूप कॉफीच्या कुळातले, आणि डीएमटी आहे ते त्याच्या पानांत. नुसती पाने उकळून प्यायली तर आतड्यातले आणि यकृतातले मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम डीएमटीचा फडशा पाडते. वेलीतली हार्मीन, हार्मालीन ही द्रव्ये नेमके हेच एन्झाइम काही तास रोखून धरतात आणि डीएमटीला मेंदूपर्यंत वाट मिळते. डेनिस मॅकेना आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये खऱ्याखुऱ्या काढ्यांचे नमुने तपासून याला प्रयोगाचा आधार दिला. मेंदूत पोचलेला डीएमटी सेरोटोनिनच्या ५-एचटी-२ए या ग्राहकावर (रिसेप्टरवर) बसतो. बार्सिलोनाच्या जोर्दी रिबा यांच्या गटाने हा ग्राहक आधीच एका औषधाने अडवून ठेवला, तेव्हा काढ्याचा अंमल बराच फिका पडला. रेणूपासून अनुभवापर्यंतची साखळी इतकी स्वच्छ जुळणे औषधशास्त्रात क्वचितच घडते.

यावर हमखास एक आश्चर्य व्यक्त होते: हजारो वनस्पतींच्या जंगलातून नेमकी हीच जोडी ‘अडाणी’ माणसांना सापडली कशी? काही लेखक इथून थेट गूढात शिरतात. खरे तर हे लॉटरीचे तिकीट लागण्यासारखे नव्हतेच. वेल एकटीही प्यायली जात असे, आजही काही जमातींत जाते. तिच्या काढ्यात तंबाखू, धोतऱ्याच्या जातीची झाडे आणि इतर डझनावारी वनस्पती घालून पाहण्याची रीत जुनी आहे. वेलीचा काढा हाताशी असलेल्या माणसाने त्यात एकेक पान टाकून परिणाम पारखायचा, जे कामाचे ते ठेवायचे आणि पुढच्याला शिकवायचे, याला प्रयोगच म्हणतात. त्या लोकांना विचारले तर ते म्हणतील, वनस्पतींनीच आम्हाला शिकवले. हे विधान मान्य करण्याची गरज नाही, पण त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची निरीक्षणे आहेत हे नाकारण्याचीही नाही.

माणसांवरचा पहिला मोठा वैद्यकीय अभ्यास १९९३ मध्ये मनौस शहरात झाला. तो अमेरिकी विद्यापीठाच्या नव्हे, तर एका पंथाच्या निमंत्रणावर. ब्राझीलमध्ये रबर काढणाऱ्या मजुरांमधून विसाव्या शतकात आयावास्काचे पंथ उभे राहिले. १९३०च्या दशकात आक्रे प्रांतात इरिनेउ सेर्रा यांनी सांतो दाइमे काढला, १९६१ मध्ये जोझे गाब्रिएल दा कोस्ता यांनी उनिआंव दो वेजेताल. मेरी, येशू, जंगलातली दैवते आणि काढा यांचा त्यात बेमालूम मिलाफ आहे. १९८५ मध्ये सरकारने वेलीवर बंदी घातली, दोन वर्षांत ती उठली, पण टांगती तलवार होतीच. तेव्हा उनिआंव दो वेजेतालनेच शास्त्रज्ञांना म्हटले, या, आमची तपासणी करा. दहा वर्षांहून अधिक काळ काढा घेणारे १५ पुरुष आणि कधीही न घेतलेले १५ पुरुष यांची तुलना झाली. सभासदांच्या स्मरणशक्तीत किंवा मनःस्थितीत बिघाड आढळला नाही. उलट अनेकांचे जुने दारूचे व्यसन पंथात आल्यावर सुटले होते.

हा निष्कर्ष मोहक आहे आणि अपुराही. दहा वर्षे पंथात टिकलेल्यांनाच तपासले, तर ज्यांना सोसले नाही आणि जे निघून गेले ते मोजणीत येणार कसे? आणि दारू सुटली ती काढ्याने, की दर पंधरवड्याला भेटणाऱ्या, शिस्तीच्या, एकमेकांवर लक्ष ठेवणाऱ्या गोतावळ्याने? पंढरीची माळ गळ्यात पडल्यावर बाटली सुटलेली माणसे महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत, आणि त्या माळेत डीएमटी नसतो. मनौसच्या अभ्यासाला हा प्रश्न सोडवता आला नाही. तो सोडवायला नियंत्रित चाचणी हवी होती.

ती झाली ईशान्य ब्राझीलच्या नाताल शहरात, तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात. ड्राउलिओ दे आराउजो आणि फेर्नांदा पाल्यानो-फोन्तेस यांच्या गटाने औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे २९ रुग्ण घेतले. १४ जणांना आयावास्काचा एकच डोस मिळाला, १५ जणांना प्लासिबो. हा प्लासिबो बनवणे हीच एक कला होती. पाण्यात यीस्ट, सायट्रिक आम्ल, झिंक सल्फेट आणि करपवलेल्या साखरेचा रंग घालून असे काही तयार केले की दिसायला तपकिरी, चवीला कडू-आंबट, आणि पोटात मळमळ निर्माण करणारे. म्हणजे ज्याला नकली मिळाले त्यालाही वाटावे की आपल्याला खरे मिळाले असावे. सातव्या दिवशी आयावास्का गटातल्या ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरले होते. प्लासिबो गटात हे प्रमाण २७ टक्के. बातम्यांत आला तो हाच आकडा.

बातम्यांत न आलेले दोन आकडे जास्त बोलके आहेत. दुसऱ्याच दिवशी प्लासिबो गटातल्या ४६ टक्के रुग्णांत तेवढीच सुधारणा दिसत होती, आणि त्याच्या पुढच्या दिवशी ६४ टक्क्यांत. खऱ्या काढ्याच्या गटातले प्रमाण त्या दोन दिवशी ५० आणि ७७ टक्के होते. म्हणजे पहिले दोन दिवस झिंक सल्फेटचे पाणी आयावास्काच्या जवळजवळ पावलाला पाऊल लावून चालले होते. का? संशोधकांचे स्वतःचे उत्तर साधे आहे. यातले बरेच रुग्ण गरिबीतून आणि ताणाच्या घरांतून आलेले. त्यांना चार दिवस शांत खोली मिळाली, मंद उजेड, आरामखुर्ची, कानाला हेडफोन आणि त्यावर निवडलेले संगीत, शेजारी विचारपूस करणारी माणसे. कोणीतरी आपली काळजी घेत आहे, एवढ्याने माणूस दोन दिवस सावरला. फरक पडला तो पुढे: घरी परतल्यावर प्लासिबोवाले घसरत गेले, काढा घेतलेले बरेचसे टिकून राहिले.

हा निकाल दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. रेणूवाद्यांना तो सांगतो की तुम्ही ज्याला ‘वातावरण’ म्हणून बाजूला ठेवले त्याचाच सुरुवातीचा वाटा एवढा मोठा आहे. आणि ‘सगळे श्रद्धेचे खेळ’ म्हणणाऱ्यांना सांगतो की आठवडाभर टिकण्यासाठी श्रद्धा पुरली नाही. अर्थात २९ जणांच्या एका चाचणीवर इमला रचू नये. शिवाय ‘कोणाला काय मिळाले हे कळू द्यायचे नाही’ ही अट इथे पुरती पाळता येतच नाही. चार तास डोळ्यांपुढे साप आणि राजवाडे पाहिलेल्या माणसाला आपण यीस्टचे पाणी प्यायलो असे वाटणे कठीण. याच अडचणीने पुढे एमडीएमए या मनावर अंमल करणाऱ्या दुसऱ्या द्रव्याला हिसका दिला: ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्याचा अर्ज नाकारला तेव्हा ज्या शंका चर्चेत होत्या, त्यांत ही ठळक होती.

मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी उलटा मार्ग धरला. युरोपातल्या आयावास्काच्या शिबिरांत, खऱ्या समारंभातच, त्यांनी ३० जणांपैकी काहींना काढा आणि काहींना प्लासिबो दिला. २०२१ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत चिंता, ताण आणि उदासी उतरलेली. दुसऱ्याच्या दुःखाशी समरस होण्याच्या एका मापात मात्र काढ्याचा गट पुढे. या मंडळींना नैराश्याचा आजार नव्हता, त्यामुळे नातालशी थेट तुलना चुकीची ठरेल. तरी एवढे नक्की की समारंभ स्वतःच काही करतो, आणि ते किती करतो हे मोजता येते.

मग मोजत का नाहीत? कारण औषध म्हणून नोंद होते ती रेणूची, गाण्याची नाही. पेरूच्या उकायाली नदीकाठी शिपिबो जमातीच्या वैद्याची रात्र पाहा. गवती छपराखाली अंधार, भिंतीला टेकून बसलेली माणसे, प्रत्येकापुढे ओकारीसाठी बादली. वैद्य रानतंबाखूचा धूर बाटलीच्या तोंडात फुंकतो, ओठांतल्या ओठांत शीळ घालतो, वाटी पुढे सरकवतो. अर्ध्या-पाऊण तासाने गाणे सुरू होते. त्याला इकारो म्हणतात. एकेका माणसासमोर बसून त्याच्यासाठी वेगळे गाणे. कोणाचा अंमल चढवायचा, कोणाचा उतरवायचा, हे गाण्याने साधते असा वैद्याचा दावा. हा दावा तपासता येण्याजोगा आहे. गाण्यासह आणि गाण्याविना, जाणत्या वैद्याच्या आणि नवशिक्याच्या हाताखाली, अशी तुलना करायला कोणते दिव्य यंत्र लागत नाही. पण अशा चाचणीला पैसा घालणारी कंपनी मिळत नाही.

पैसा कुठे जातो ते पाहण्यासारखे आहे. लंडनच्या स्मॉल फार्मा कंपनीने वेल आणि पान दोन्ही सोडून शुद्ध डीएमटी शिरेतून दिला. ३४ रुग्णांच्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये जाहीर झाले आणि ते आशादायक होते. शिरेतल्या डीएमटीचा अंमल अर्ध्या तासात ओसरतो, काढ्याचा चार तास टिकतो. दवाखान्याच्या वेळापत्रकात आणि बिलात कोणता बसतो, हे सांगायला नको. यात गैर काही नाही. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढले म्हणून कोणाचे नुकसान झाले नाही. फक्त त्या निकालाला आयावास्काचा निकाल म्हणू नये. ज्या वेलीला अमेझॉनमध्ये मुख्य औषध मानतात, तीच त्यात नाही.

परंपरेच्या बाजूनेही झाडाझडती घ्यायला हवी, कारण तिथे बनावट माल कमी नाही. ‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ हे वाक्य प्रत्येक शिबिराच्या जाहिरातीत सापडते. पुरावा मात्र तुटपुंजा आहे. बोलिव्हियाच्या एका गुहेत सुमारे हजार वर्षांपूर्वीचे विधीचे गाठोडे मिळाले, त्यात कोल्ह्याची तीन मुस्कटे शिवून केलेली पिशवी होती. २०१९ मध्ये तपासणीत तिच्यात हार्मीन आणि डीएमटी दोन्हींचे अंश सापडले. पण ते एकत्र उकळून प्यायले जात होते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. उलट पीटर गाओ आणि बर्न्ड ब्राबेक दे मोरी या अभ्यासकांनी भाषा, गाणी आणि मिशनांचा इतिहास धुंडाळून असे मांडले की पश्चिम अमेझॉनच्या बऱ्याच भागात आजचा आयावास्काविधी गेल्या दोन-तीन शतकांत, मिशनच्या वसाहती आणि रबराच्या व्यापाराबरोबर पसरला. आणि प्रथा तीनशे वर्षांची निघाली म्हणून तिचा गुण कमी होतो थोडाच!

त्याहून मोठा फरक वेगळाच आहे. कित्येक जमातींत काढा प्यायचा तो वैद्याने, रुग्णाने नाही. आजार कुठून आला, कोणी करणी केली, हे ‘पाहण्यासाठी’ वैद्य पीत असे. शिकारीला, लढाईला आणि करणी करायलाही हाच काढा कामी येई. स्प्रूसने पाहिलेले तरुण मनातले घाव भरण्यासाठी पीत नव्हते. आज पेरूतल्या इकितोस शहराच्या शिबिरात पैसे मोजून बसलेला पर्यटक स्वतः पितो, आपल्या बालपणाकडे पाहतो आणि याला प्राचीन उपचार समजतो. हा नवा उपचार आहे. नवा असण्यात दोष नाही, पण मग त्याला परंपरेच्या पुण्याईवर सुरक्षित ठरवता येणार नाही. त्याची सुरक्षितता त्यालाच सिद्ध करावी लागेल.

तशी माहिती आता जमू लागली आहे. पन्नासहून अधिक देशांतल्या १०,८३६ जणांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ७० टक्क्यांनी शारीरिक त्रास नोंदवला, मुख्यतः ओकारी. वैद्यकीय मदत लागली ती २.३ टक्क्यांना. नंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत मानसिक त्रास झाल्याचे सुमारे ५६ टक्क्यांनी सांगितले, आणि त्यातल्या बहुतेकांनी तो ‘वाढीचा भाग’ मानला. हे शेवटचे वाक्य सावधपणे वाचावे. पाहणीला उत्तर देणारा बहुधा तोच, ज्याला एकंदरीत बरे वाटले. ज्याचे मन कायमचे विसकटले तो प्रश्नावली भरायला बसत नाही.

शिबिरांना येणाऱ्या पर्यटकांच्या गर्दीचा भार स्थानिकांवरही पडतो. एप्रिल २०१८ मध्ये उकायाली प्रांतात ८१ वर्षांच्या नामांकित शिपिबो वैद्य ओलिव्हिया आरेव्हालो यांची गोळ्या घालून हत्या झाली. संशय एका कॅनेडियन माणसावर गेला आणि जमावाने त्याला ठार केले. ज्यांच्या ज्ञानावर जगभरचे शोधनिबंध आणि शिबिरे उभी आहेत, त्यांचे जगणे किती असुरक्षित आहे हे त्या आठवड्यात जगाने क्षणभर पाहिले.

आणि ज्ञानाची मालकी? १९८६ मध्ये अमेरिकेने एका नागरिकाला या वेलीच्या एका ‘वाणा’चे पेटंट देऊन टाकले. अमेझॉनच्या आदिवासी संघटनांच्या महासंघाने १९९९ मध्ये त्याला आव्हान दिले आणि पेटंट रद्द झाले. कशाच्या आधारावर? वेल लाखो लोकांना पवित्र आहे, पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, हा मुद्दा निर्णायक ठरला नाही. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये कागदावर चिकटवलेला याच वेलीचा एक वाळका नमुना आधीपासून होता, हे चालले. २००१ मध्ये तेही पालटले, पेटंट परत मिळाले आणि २००३ मध्ये मुदत संपूनच गेले. मराठी वाचकाला यात हळदीची लढाई आठवेल. माशेलमध्ये जन्मलेल्या रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये हाणून पाडले, ते जुने ग्रंथ आणि १९५३चा एक छापील लेख पुढे ठेवून. आज्जीच्या डब्यातली हळद पुराव्यात धरली गेली नाही. आपल्याकडे निदान पोथ्या होत्या. शिपिबोंकडे गाणी आहेत.

पोथ्या असूनही ज्ञान कसे हरवते, याचेही उदाहरण आपल्याच घरात आहे. सोम म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, यावर गॉर्डन वासन यांनी १९६८ मध्ये लाल अळंबीचा कौल दिला. फ्लॅटरी आणि श्वार्ट्झ यांनी १९८९ मध्ये थेट हरमल, म्हणजे आयावास्काच्याच हार्मीनचे झुडूप, पुढे केले. पुण्याच्या चिं. ग. काशीकरांनी पुढच्याच वर्षी श्रौत ग्रंथांचा कीस काढून एफेड्राची बाजू मांडली, आणि मुंबईचे पारशी धर्मगुरू यस्न विधीत होम, म्हणजे सोमाचेच इराणी रूप, म्हणून आजही एफेड्राच्याच काड्या वापरतात. ऋग्वेदाचे अख्खे नववे मंडल हाताशी असूनही वाद मिटत नाही, कारण पिळणारे, गाळणारे आणि पिऊन काय होते ते सांगणारे सलग राहिले नाहीत. अमेझॉनमध्ये ते अजून आहेत. त्यांना विचारण्याची वेळ आज आहे. आणखी दोन पिढ्यांनी रेणू राहील, पण कोणत्या रुग्णासमोर कोणते गाणे का म्हटले, हे सांगणारा राहील याची खात्री नाही.

नातालच्या चाचणीतली एक बाब इथे मुद्दाम सांगायला हवी. रुग्णांना दिलेला काढा कोणत्याही औषध कंपनीचा नव्हता. जी-पाराना शहरातल्या बार्किन्या या आयावास्काच्याच आणखी एका पंथाच्या मंडळींनी तो उकळून, कसलाही मोबदला न घेता दिला होता. वेल कुटणारे आणि पाने धुणारे त्या शोधात मुळापासून होते. त्यांचे स्थान पुरवठादाराचे राहिले. प्रश्न ठरवणाऱ्याचे नाही. डोस किती हे रुग्णालयाने ठरवले ते योग्यच. पण कोणते संगीत, रुग्णाला कधी एकटे सोडायचे आणि कधी नाही, आदल्या आठवड्यात त्याने काय खायचे, कोणाला काढा देऊच नये, यावर त्यांचे म्हणणे गृहीतक म्हणून लिहून घेऊन तपासायला काय हरकत होती? काही गृहीतके खोटी ठरतील. ठरू देत. तपासणीत खोटे ठरण्याचा मान फक्त रेणूलाच का?

ब्राझीलने २०१० च्या नियमावलीत निदान एक रेघ नीट ओढली: धार्मिक वापराला मुभा, विक्री आणि जाहिरातीला मज्जाव, आणि उपचार म्हणून वापर संशोधनातून सिद्ध होईपर्यंत थांबा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये उनिआंव दो वेजेतालला काढा पिण्याची मोकळीक दिली, तीही धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याखाली. औषध म्हणून नव्हे. भारतात डीएमटी १९८५च्या एनडीपीएस कायद्याच्या मनोव्यापारी द्रव्यांच्या यादीत आहे. हौसेने पार्सल मागवणाऱ्याला पंथाची ढाल इथे मिळणार नाही.

तेव्हा ‘अमेझॉनच्या काढ्याने नैराश्य पळाले’ अशी बातमी पुढच्या वेळी समोर आली, तर टक्केवारीच्या आधी एवढे शोधावे: काढा की नुसता डीएमटी, किती रुग्ण, नकली औषध घेतलेल्यांचे काय झाले, शेजारी कोण बसले होते, आणि चाचणीतून कोणाला वगळले होते. वगळलेल्यांत नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या चालू असलेले जवळपास नेहमी असतात, कारण वेलीतली द्रव्ये आणि एसएसआरआय गटातल्या गोळ्या एकत्र आल्या तर शरीरात सेरोटोनिन धोक्याच्या पातळीवर जाऊन जीवावर बेतू शकते. शिबिराच्या माहितीपत्रकात हे बारीक अक्षरांत असते, काही ठिकाणी नसतेही. आणि काढा पिण्याच्या ओढीने गोळ्या परस्पर बंद करणे तितकेच घातक आहे. तसा विचार कोणाच्या मनात असेल, तर तिकीट काढण्याआधी आपल्या मनोविकारतज्ज्ञाशी बोलावे.